मेथीच्या डब्याला बोंबलाचा वास

मृणालिनीबाईंनी मेथ्यांच्या डब्यात हात घातला आणि त्या थबकल्या.

रुमालात बांधलेली नोटांची पुरचुंडी होती तिथेच होती. गाठही तीच. पण आत बोट सरकवलं तेव्हा नोटांच्या कडा सारख्या लागेनात. काही नोटा बाहेर डोकावत होत्या, काही आत दडल्या होत्या. आत दडलेल्या आखूड होत्या! नोट कधी आखूड होते का? त्यांनी पुरचुंडी नाकाशी नेली. मेथीचा कडसर वास होताच, पण त्याच्या आडून आणखी एक वास आला. सुक्या बोंबलाचा.

मृणालिनीबाईंची नजर वर्षभरापासून अधू झाली होती. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू. समोरचं सगळं दुधाच्या सायीतून पाहावं तसं दिसे. माणसं आवाजावरून ओळखायची, नोटा बोटांनी. डोळ्यांनी सोडलेलं काम नाकाने आणि बोटांनी उचललं होतं.

पैसे मेथीत का, असं कोणी आजची सून विचारील. बायांनो, तो जुना रिवाज आहे. गिरगावात त्यांच्या आईच्या फळीवर डबे ओळीने असायचे आणि प्रत्येक डब्याला पोटात एकेक काम असायचं. मोहरीत दूधवाल्याचे पैसे, मुगात वाण्याचे, आणि मेथीत आजारपणाचे. मेथी कडू, आजारपणही कडू. एका डब्यातलं दुसऱ्यात घालायचं नाही, हा कायदा. मुगाचा डबा रिकामा झाला तर आई सरळ म्हणायची, "आज आमटी नाही हो, पिठलं!" पण मेथीला हात लावायची नाही. लग्नानंतर पंचवीसएक वर्षांपूर्वी मृणालिनीबाई भाईंदर पश्चिमेला राहायला आल्या, तेव्हा स्टेशनातून मिठागरांच्या पांढऱ्या राशी दिसायच्या आणि पाणी टँकरने यायचं. भांडी थोडीच आणली होती, पण डब्यांचा कायदा बरोबर आणला होता.

आता दोन हजार सहा साल होतं. मेथीच्या डब्यात डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे होते. मुलगी स्वप्नालीने हैदराबादहून पाठवलेले आणि त्यांनी स्वतः मसाले करून साठवलेले. सगळ्या पाचशेच्या नोटा, एकसारख्या. मग या आखूड कुठून आल्या?

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"अहो, मेथीच्या डब्यातल्या नोटा आखूड लागतात हो मला."

हरिश्चंद्रराव एका बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालेले. उभा जन्म कॅशच्या खिडकीमागे गेलेला. ते खळखळून हसले.

"अगं, म्हातारपणी सगळंच आखडतं! नोटांचं काय घेऊन बसलीस?"

"आणि बोंबलाचा वास येतो."

"दर रविवारी उत्तनहून, कॅजिटनकडून सुकी मासळी आणतो मी. घरभर वास लागतो. कुणी आणू नको म्हणालं तर नाही आणणार."

उत्तर सरळ होतं. पण झाकण घट्ट लावलेल्या डब्याच्या आत वास कसा शिरला? आणि हे बोलताना त्यांनी बशी खाली ठेवली ती दोनदा का वाजली? मृणालिनीबाईंना चेहरा दिसत नव्हता, पण बशीचा आवाज ऐकू येत होता.

"डॉक्टरांकडे कधी जायचं?" त्यांनी विषय बदलला, निदान तसं दाखवलं.

"सांगितलं ना, अजून पिकलेला नाही. कच्चा काढला तर डोळा जातो. घाई कसली?"

हे उत्तर त्या मे महिन्यापासून ऐकत होत्या. आता नवरात्र जवळ आलं होतं.

संशय हा घरात शिरलेल्या उंदरासारखा असतो. दिसत नाही, पण रात्रभर खुडबुड ऐकू येते. मृणालिनीबाईंना एकेक गोष्ट आठवू लागली. रविवारी हे जेवणाआधीच का निघतात? मासळी तर भाईंदरच्या बाजारातही मिळते. परत येतात ते कधी गप्प, कधी उगाच गाणं गुणगुणत. आणि परवा पँट धुताना खिशात चिंचोके सापडले होते. साठीच्या माणसाच्या खिशात चिंचोके!

सोमवारी शेजारच्या हंसाबेन वाटीभर ढोकळा घेऊन आल्या. मृणालिनीबाईंनी दार लोटलं आणि पुरचुंडी त्यांच्या हातात दिली.

"हंसाबेन, जरा देखो तो. सगळ्या पाचशेच्या आहेत ना?"

हंसाबेननी नोटा खिडकीशी नेल्या. एकेक करून पाहिल्या.

"मृणालबेन, इसमें तो आधी से ज्यादा सौ की है."

मृणालिनीबाई स्टुलावर बसल्या. नोटांची संख्या तीच होती. जाडी तीच होती. कोणीतरी पाचशेची एकेक नोट काढून जागी शंभराची ठेवली होती. आंधळ्या बाईला काय कळणार, असं समजून!

"चोर नाही हा," हंसाबेन हलक्या आवाजात म्हणाल्या. "चोर आखा डब्बा ले जाता. ये घर का आदमी है. और उत्तनमां..." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "बुरा मत मानना हां, पण उत्तनमां कोई बाई तो नथी ने?"

"काहीतरीच काय! ह्यांना धोतराची गाठ मारता येत नाही, ते बाई कुठे सांभाळणार?" मृणालिनीबाई हसल्या खऱ्या, पण हसणं ओठांवरच राहिलं. चिंचोके, गुणगुणणं, बोंबलाचा वास. सगळं उत्तनकडेच बोट दाखवत होतं.

दुसऱ्या दिवशी हंसाबेनचा हात धरून त्या स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. नवऱ्याला सांगितलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकला आणि ते जरा चिडूनच बोलले.

"आजी, पिकायची वाट बघण्याचे दिवस केव्हाच गेले. मे महिन्यात तुमच्या मिस्टरांना बाहेर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, पावसाळ्याआधी करून टाका. तुमच्या डोळ्यांत तेव्हा थेंब घातले होते, म्हणून त्यांच्याशी बोललो. उजवा डोळा आता फार कडक झालाय. आणखी लांबवलंत तर आत दाब वाढेल, आणि मग गेलेली नजर कुठलंही ऑपरेशन परत आणू शकणार नाही."

रिक्षात हंसाबेन बोलत होत्या, मृणालिनीबाईंना ऐकू येत नव्हतं. पैसे गेले याचं दुःख त्यांना तेवढं झालं नाही. पण डोळे जात असताना ज्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या चालल्या, त्याच माणसाने अंधाराचा फायदा घेतला!

रविवारी हरिश्चंद्रराव निघाले. थोड्या वेळाने मृणालिनीबाई आणि हंसाबेन पुढच्या बसमध्ये बसल्या. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, एकेक गाव मागे पडलं. पूर्वी या रस्त्याला दोन्हीकडे भातशेती होती. आता कुठे शेत होतं आणि कुठे कुंपण, हे त्यांना दिसत नव्हतं. पण खारा वारा लागला तेव्हा उत्तन आलं हे कळलं. मासळी जिथून येते त्या कॅजिटनचं घर विचारायला वेळ लागला नाही.

मागच्या दाराशी एक बाई बोंबील उलटेपालटे करत बसली होती. कॅजिटनची बायको टेरेझा.

"कोन गो बाय?"

"मी हरिश्चंद्ररावांची बायको."

टेरेझा उठली. आवाजावरून वाटलं, ती दचकलेली नाही; जणू वाटच पाहत होती.

"बरा झाला तू आलीस. ये, अंदर ये. पुढं नको जाव, पुढं मरद बसलेत."

पुढच्या ओटीवरून पुरुषांचे आवाज येत होते. त्यातला एक ओळखीचा, हौसेने चढलेला. "वाढव, वाढव! आणखी दहा चिंचोके!" मृणालिनीबाईंच्या छातीवरचा एक दगड उतरला. बाई नव्हती. पण लगेच दुसरा चढला.

"पत्ते?" त्यांनी विचारलं.

"पोकर म्हनतात त्याला. माजा घोव बोटीवर कूक होता, थंय शिकला. जुगाराचं नाव आयकून मीच भांडन काढलेलं. मग मीच कायदा केला." टेरेझाने एका पेटाऱ्याचं झाकण उघडलं. सुक्या बोंबलांचा भपकारा आला. "ह्ये बघ चार डबे. माज्या घोवाचा, रुबेनचा, आत्मारामचा आनि तुज्या मालकाचा. ईस्टर झाला की हरेकानं डब्यात थोडे पैसे घालायचे. वर्षभर खेळायचं त्येच्यातनंच. डाव चिंचोक्यांवर, हिशेब शेवटी डब्यातनं. हरला तर डब्यातनं जानार, जिकला तर डब्यात येनार. मधी घरचा पैसा डब्यात घालायचा न्हाय. आनि तळ लागला की उठायचं, दुसऱ्या ईस्टरपावेतो लसून सोलायचा, च्या करायचा. आठवडाभर डबे माज्याकडं कुलपात."

मृणालिनीबाईंना नवल वाटलं. हा तर त्यांच्या आईच्या फळीचाच कायदा! मूग वेगळे, मेथी वेगळी.

"मग यात बिघडलं कुठे?"

"तुज्या मालकाच्या डब्याला तळ लागत न्हाय!" टेरेझा कानाशी वाकून म्हणाली. "मे महिन्यापासना हरतोय तो. दर आयतवारी हरतोय. तरी डबा भरलेला. द्रौपदीच्या थाळीची गोष्ट तुमच्यात हाय ना? तसा. चिंचोका आठ आन्याचा होता, तो त्यानंच पाच रुपयाचा केला. मी घोवाला बोलले, ह्ये कायतरी येगळं हाय. तो बोलला, तू गप, आपन जिकतोय ना! बाय, जिकनारा मानूस कधी इचारत न्हाय. मग मी नोटा हुंगल्या. सगळ्यांच्या डब्याला बोंबलाचा वास येतो, पेटाऱ्यात हायत म्हनून. तुज्या मालकाच्या डब्यात पाचशेच्या नोटा, आनि त्यांना मेथीचा वास! मग रुबेनच्या डब्यातबी मेथी. माज्या घोवाच्या डब्यातबी मेथी."

आता हिशेब जुळला. एकीच्या घरात डबा आटत होता, दुसरीच्या घरात डबा आटत नव्हता. हरिश्चंद्रराव डब्यातली शंभराची नोट घरी नेत आणि घरातली पाचशेची डब्यात आणून ठेवत. बोंबलाचा वास भाईंदरला गेला, मेथीचा उत्तनला आला.

मृणालिनीबाईंनी हंसाबेनचा हात सोडला आणि भिंतीला धरून त्या ओटीवर गेल्या. चिंचोक्यांचा खळखळाट थांबला.

"मृणाल! तू? इथे कशी?"

"नाकाने आले," त्या म्हणाल्या. "टेरेझाबाई, ह्यांचा डबा आणा आणि उलटा करा."

"अगं, सगळ्यांसमोर..."

टेरेझाने पेटाऱ्यातून डबा आणून चटईवर उलटा केला. नोटा पडल्या. त्यांच्या घडीतून काहीतरी बारीक टपकन निसटलं. मृणालिनीबाई खाली बसल्या, चटई चाचपली आणि चिमटीत धरून ते वर उचललं. मेथीचा एक दाणा.

"आत्मारामभावजी, हा दाणा ओळखता?"

आत्माराम हा हरिश्चंद्ररावांचा बँकेतला जुना सोबती, पेणकरपाड्याला राहणारा, जिभेचा तिखट. त्याने दाणा हातात घेतला.

"हरी, हे काय रे?" एवढंच तो म्हणाला.

हरिश्चंद्रराव चिडले. सापडलेला माणूस आधी चिडतो.

"मी काही जुगारी नाही! हिशेबाने खेळतो मी. भांडवल वेगळं ठेवायचं, एका बैठकीत विसाव्या हिश्शाच्या वर लावायचं नाही, हे ह्या सगळ्यांना कुणी शिकवलं? मी! बाकीचे कायदे टेरेझाबाईचे, हा कायदा माझा! दिवस वाईट चाललेत इतकंच. पत्ते फिरतात गं, आज ना उद्या फिरणारच. ऑपरेशनच्या आधी सगळ्या नोटा परत ठेवणार होतो!"

"ऑपरेशन मे महिन्यात होतं," मृणालिनीबाई म्हणाल्या.

रुबेनने हातातले पत्ते पालथे ठेवले.

"डॉक्टरांकडे जाऊन आले मी. उजवा डोळा कडक झालाय. वाट बघितली तर कायमचा जाईल. तुम्ही तुमचे पत्ते फिरायची वाट बघत होतात, आणि मी माझा मोतीबिंदू पिकायची!"

हरिश्चंद्ररावांनी पुढ्यातले चिंचोके बाजूला सारले.

"हरीभाव, मी एक इचारू?" टेरेझा पुढे आली. "विसावा हिस्सा बोललास. कशाचा विसावा? डब्याला तळ आसंल तर हिस्सा. तू रोज इहिरीत घागर ओतनार आनि बोलनार, मी विसावाच काडतो! भांडवल म्हंजे जे गेलं तरी घरात दिवा जळतो, ते. ज्याच्यानं बायकोच्या डोळ्यातला दिवा इजतो, ते भांडवल न्हाय. ती चोरी."

"मग तू थांबला का न्हायस?" कॅजिटनने विचारलं. त्याचा आवाज खाली गेला होता. "तळ लागला तं लागला. मागल्या वर्षी माजाबी लागलेला. लसून सोलला मी."

हरिश्चंद्ररावांच्या उत्तरात आता चढा सूर नव्हता.

"मी सोलू शकलो नसतो, कॅजिटन. बँकेचा कॅशियर. तुम्हाला नियम शिकवणारा. माझाच डबा मे महिन्यातच रिकामा! आत्माराम म्हणाला असता, कॅशियरसाहेब, चहा आणा. ते ऐकायला नको म्हणून एक नोट आणली. मग ती परत मिळवायला दुसरी."

"मी म्हणालो असतो रे," आत्माराम पुटपुटला. "नक्की म्हणालो असतो. त्याची मला आज लाज वाटते."

हरिश्चंद्रराव उठले, पण बायकोजवळ येऊन पुन्हा खाली बसले. "मृणाल, तुझ्या बोटांना दिसेल असं मला वाटलं नाही गं..." आणि हा साठीचा माणूस चारचौघांत लहान मुलासारखा रडला.

मृणालिनीबाईंनी लगेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. तो हात इतक्या सहज ठेवायचा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं.

टेरेझाने उरलेले तिन्ही डबे आणून मध्ये ठेवले.

"मेथीच्या वासाच्या नोटा काडा सगळ्यांनी."

"आगो, पन जिकलेलं परत द्यायचं न्हाय, तुजाच कायदा!" रुबेन कुरकुरला. तो कॅजिटनचा चुलत भाऊ, पैशाच्या बाबतीत जरा चिकट.

"कायदा हरीच्या पैशाला हाय. ह्ये हिचे डोळे हायत. डोळे कोनी डावावर लावलेच नव्हते, मग तू जिकलास कसे?"

रुबेनने गुपचूप डबा उघडला. हंसाबेन एकेक नोट हुंगून बाजूला ठेवू लागल्या. त्या दिवशी त्या धर्माने शाकाहारी बाईने बोंबलाच्या पेटाऱ्याशेजारी बसून एवढ्या नोटा हुंगल्या, की घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली! सगळ्या नोटा काही परत मिळाल्या नाहीत, काही केव्हाच खर्च झाल्या होत्या. कमी पडलं ते हरिश्चंद्ररावांनी आपलं मनगटी घड्याळ विकून घातलं. स्वप्नालीला फोन करून स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. तो फोन करणं त्यांना घड्याळापेक्षा जड गेलं.

दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. उजवा डोळा वाचला. पट्टी काढली तेव्हा मृणालिनीबाईंना वर्षभरात पहिल्यांदा नवऱ्याचा चेहरा दिसला. किती उतरला होता! तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"आता नोटांचा रंग दिसतो हं मला," त्या म्हणाल्या. "जपून राहा!"

रविवारचं उत्तन बंद झालं नाही. मृणालिनीबाईंनीच ते बंद करू दिलं नाही. ईस्टरपर्यंत हरिश्चंद्रराव ओटीच्या कोपऱ्यात बसून लसूण सोलत, चहा आणत, आणि आत्मारामने जीभ चावली तरी रुबेन "कॅशियरसाहेब, साखर कमी!" म्हणायचाच. आधी कान लाल व्हायचे. मग सवय झाली. मग एक दिवस तेही हसले.

ईस्टरला त्यांनी बाजारातून काचेच्या चार बरण्या आणल्या आणि टेरेझाच्या पुढ्यात मांडल्या.

"पत्र्याचे डबे नकोत आता. तळ सगळ्यांना दिसू दे."

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच त्यांची बरणी रिकामी झाली. चिंचोके मोजून झाले, शेवटची नोट कॅजिटनकडे गेली. दाराशी बसलेल्या मृणालिनीबाईंनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. जुना संशय एकदम मान वर काढून बसला होता.

हरिश्चंद्ररावांनी बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि मोठ्याने म्हणाले, "मंडळी, माझा तळ आला! कुणाकुणाला चहा?"

आणि ते उठून आत गेले.

वाचकहो, खेळ वाईट की बरा, यावर आपण पुष्कळ भांडू. पत्ते खेळणारे खेळतील, शेअरच्या बाजारात जाणारे जातील. पण जिथे पैसा डावाला लागतो तिथे त्याचा डबा वेगळा असावा, आणि त्या डब्याला तळ असावा. तळ दिसला म्हणून कोणी लाजू नये. लाज वाटायची असेल तर तळ झाकायची वाटावी. कारण झाकलेल्या तळाखाली नेहमी घरातल्या दुसऱ्याच कोणाचा तरी घास असतो, कोणाची तरी नजर असते. आणि बायांनो, तुमच्या बोटांना नोट आखूड लागली, तर ती आखूडच आहे असं धरून चाला. मनातल्या मनात कुढू नका. उठा, आणि विचारा!